न्यूट्रल द्या, बटणाचं आमचं आम्ही बघू

महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्प विकासकांना अनावृत पत्र



रविवारच्या पुरवणीत तुमच्या प्रकल्पांची पानभर जाहिरात येते. पोहण्याचा तलाव, क्लब हाउस, ज्येष्ठांसाठी कट्टा, मुलांसाठी खेळायची जागा. या रांगेत हल्ली आणखी एक ओळ हमखास असते: 'प्रत्येक सदनिकेत स्मार्ट स्विच'. फोनवरून दिवा लावा, नुसतं बोलून पंखा बंद करा. ही ओळ लिहिणाऱ्याने इलेक्ट्रिकल ड्रॉइंग काढणाऱ्याला काही विचारलं नसावं, अशी माझी दाट शंका आहे.

मी पुण्यात घरांच्या वायरिंगचं काम करणारा परवानाधारक कंत्राटदार. तुमच्या इमारतींची मोठी कामं मी घेत नाही. तुम्ही किल्ल्या देऊन पुढच्या साइटवर गेलात की त्या घरातली माणसं ज्याला फोन करतात, तो मी. 'काका, बेडरूमचा दिवा बंद केला तरी मिणमिणतोय.' 'अॅप ऑफलाइन दाखवतंय आणि बाल्कनीचा दिवा विझतच नाही.' असल्या फोनांवरून जे समजलं ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितो आहे. म्हणणं एवढंच की भिंतीच्या आतलं काम तुमचं आहे, ते नीट करा. भिंतीवर कोणतं बटण बसवायचं ते घरात राहणाऱ्यावर सोडा. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चाललंय. आतल्या तारांत काटकसर आणि वर काचेचं चकचकीत पॅनल.

आधी साध्या बटणाची बाजू मांडतो, कारण सॅम्पल फ्लॅटमध्ये त्याच्या वतीने बोलायला कुणी नसतं. १८८४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी झटक्यात तुटणाऱ्या स्विचचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या स्विचमध्ये संपर्काचे दोन तुकडे हळूहळू लांब जात, मधल्या फटीत ठिणगी तग धरून राही आणि धातू जळत जाई. होम्स यांच्या रचनेत तुम्ही बटण कितीही सावकाश फिरवा, आतला संपर्क एका झटक्यातच सुटणार. आज बटण दाबल्यावर जो 'टक' आवाज येतो तो त्याच युक्तीच्या वारसदाराचा. आपल्याकडे लाकडी बोर्डांवरचे काळे गोल बेकेलाइटचे स्विच गेले, पियानो टाइप आले, मग मॉड्युलर आले. आतली गोष्ट फारशी बदलली नाही. आयएस ३८५४ हे त्याचं भारतीय मानक. आयएसआय शिक्क्याचा सहा अँपिअरचा चांगला मॉड्युलर स्विच शंभर रुपयांच्या आत मिळतो. आणि तो बिघडतो तेव्हा सांगून बिघडतो. आधी करकरतो, मग गरम लागतो, मग दोनदा दाबावा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून कुठलाही जाणता वायरमन दहा मिनिटांत बदलून देतो. त्याला पासवर्ड विचारावा लागत नाही.

आता भिंतीच्या आत शिरू, कारण खरी अडचण तिथेच आहे.

दिव्याला दोन तारा लागतात, फेज आणि न्यूट्रल. बटण फक्त फेज तोडतं-जोडतं. न्यूट्रल परस्पर होल्डरकडे जातो. म्हणून बटणाच्या डब्यात न्यूट्रल नेण्याची गरज कधी पडली नाही, आणि तांब्याचा भाव पाहता कुणी हौसेने नेलाही नाही. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र एक छोटा रेडिओ आणि एक प्रोसेसर चोवीस तास जागा असतो. दिवा बंद असतानाही त्याला वीज हवी, म्हणजेच फेजबरोबर न्यूट्रलही हवा.

आपल्याकडची एक गोष्ट इथे उपयोगी पडते. हॉलच्या किंवा बेडरूमच्या मोठ्या बोर्डावर बटणांच्या शेजारीच सॉकेट असतं, आणि सॉकेटला न्यूट्रल लागतोच. म्हणून मोठ्या बोर्डात तो आयता मिळतो. अडतं ते सॉकेट नसलेल्या डब्यांत. बाथरूमबाहेरचं एकटं बटण, जिन्यातला टू-वे, बाल्कनीचा दिवा, देवघराजवळची छोटी पट्टी. जाहिरातीत 'प्रत्येक' म्हटलेलं असतं, त्यामुळे तिथेही काहीतरी बसवणं भाग असतं. मग तीनपैकी एक रस्ता धरला जातो.

पहिला रस्ता न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या मॉड्यूलचा. ते आपली वीज दिव्यातूनच चोरतं. दिवा बंद असतानाही त्यातून बारीकसा प्रवाह वाहत ठेवतं. जुन्या साठ वॉटच्या बल्बला हे कळायचंही नाही. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र त्या गळतीवर हळूहळू भरतो आणि दिवा मिणमिणत राहतो किंवा थांबून थांबून चमकतो. (बटणावरच्या लाल इंडिकेटरमुळेही असं होतं, म्हणून प्रत्येक मिणमिणीला स्मार्ट स्विचच जबाबदार असतो असं नाही.) दिव्याला समांतर एक कपॅसिटर जोडला की हे बहुधा थांबतं. पण त्यासाठी छताचा दिवा उतरवावा लागतो, आणि तोवर घरातल्या आजींनी अमावास्येशी त्याचा संबंध जोडलेला असतो.

दुसरा रस्ता शेजारच्या दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना आणण्याचा. फेज एका आरसीसीबीतून, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून, आणि न्यूट्रल दुसऱ्यातून, असं झालं की जाणारा आणि परत येणारा प्रवाह जुळत नाही आणि आरसीसीबी पडत राहतो. लोक कंटाळून तो कायमचा काढून टाकायला सांगतात. माणसाचा जीव वाचवणारं घरातलं एकमेव यंत्र अशा रीतीने एका हौसेच्या बटणापायी बाद होतं.

तिसरा रस्ता अर्थिंगची हिरवी तारच न्यूट्रल म्हणून जोडण्याचा. अशी जोडणी मी स्वतःच्या हाताने उघडून पाहिली आहे. ती करणाऱ्याला वायरमन म्हणू नये. गीझरच्या अंगाला जोडलेली ती तार सतत प्रवाह वाहू लागली आणि एखाद्या दिवशी मागे कुठे सुटली, तर काय होईल हे तुमच्या साइट इंजिनिअरला नीट माहीत आहे. त्याला विचारा.

हे सगळं टाळायला लागतं काय? वायर ओढताना प्रत्येक डब्यात एक न्यूट्रल. बस. प्लास्टर होण्याआधी तो खर्च फ्लॅटच्या किमतीत दिसणारही नाही. प्लास्टर, पुट्टी, रंग, टाइल्स झाल्यावर तीच तार नेणं म्हणजे पाइपात जागा असेल तर नशीब, नाहीतर भिंत फोडा. त्याच्या जोडीला डबे जरा खोल हवेत. बटणामागे मॉड्यूल कोंबून वर तारांचा गुंता दाबून बसवलेली प्लेट उघडली की आत उकाडा जाणवतो. सैल पडलेल्या स्क्रूवर तो उकाडा काय करतो हे काळवंडलेल्या टर्मिनलवरून दिसतं.

'विजेची बचत' हे तुमच्या ब्रोशरमधलं दुसरं लाडकं वाक्य. कागद-पेन्सिल घेऊन बसू. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरांत गेले. आज सर्वसाधारण खोलीत ९ वॉटचा दिवा असतो. स्मार्ट मॉड्यूलला नुसतं जागं राहायला साधारण अर्धा ते एक वॉट लागतो. एक वॉट धरला तर दिवसाचे २४ वॉट-तास. तेवढी वीज वाया घालवायची तर ९ वॉटचा दिवा रोज २ तास ४० मिनिटं विसरून चालू ठेवावा लागेल. रोज, न चुकता. दिवा चालू राहिला की ओरडणारं एक माणूस मराठी घरात असतंच, आणि ते बिनपगारी असतं. एका पॅनलवर चार दिवे असले तर हिशेब थोडा सुधारतो, हे खरं. तरीही एका फ्लॅटमध्ये अशी दहा पॅनल धरली तर दहा वॉट अहोरात्र, म्हणजे वर्षाला सुमारे ८८ युनिट. साठ वॉटच्या बल्बच्या काळात हा बचतीचा मुद्दा खरा ठरला असता. तो बल्ब गेला, मुद्दा मात्र ब्रोशरमध्ये राहिला.

बचत करायचीच तर पंख्याकडे पाहा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा पूर्ण वेगावर ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटाहून जास्त फरक. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, त्यामुळे निवडही सोपी. इथे एक विनोद घडतो. तुमच्या स्मार्ट पॅनलवर पंख्याचा वेग कमी-जास्त करायची सोय असते. बीएलडीसी पंख्याला असला रेग्युलेटर चालत नाही. त्याला थेट सप्लाय लागतो आणि वेग त्याच्या स्वतःच्या रिमोटवर बदलतो. म्हणजे ग्राहकाने खरी बचत करणारा पंखा आणला की पॅनलचा तो भाग बाद, आणि पॅनलचा मान राखायचा तर बचत बाद. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कुणी सांगत नाही.

गीझरच्या बाबतीत तर मी हट्टीच आहे. २००० वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा तेरा. काही स्वस्त पॅनलमधला रिले जेमतेम दहा अँपिअरचा असतो आणि त्याचे संपर्क कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग अॅपमध्ये 'बंद' दिसतं आणि पाणी तापत राहतं. गीझर आणि एसीसाठी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विचच हवा. दुरुस्ती करताना हात आत घालणाऱ्याला फोनच्या पडद्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवता येत नाही. 'गीझर चालू राहिला तर बिल किती येईल' ही भीती जरा फुगवलेली आहे, हेही सांगून टाकतो. पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो. पुढे जाते ती टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेपुरती वीज.

आता पावसाळा. वादळात फांदी पडली, ट्रान्सफॉर्मरकडचा न्यूट्रल तुटला, की २३० व्होल्टच्या जागी काही घरांत तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं. त्या रात्री कुणाचा टीव्ही जातो, कुणाचा फ्रिज, कुणाचे चार्जर. पितळी संपर्क आणि स्प्रिंगच्या बटणाला त्याचं काही वाटत नाही. स्मार्ट पॅनलच्या पोटातला छोटा पॉवर सप्लाय मात्र जातो, आणि घरातली सगळी पॅनल एकाच सप्लायवर असल्याने एकदमच जातात. दुसऱ्या दिवशी घरात वीज आहे, दिवे शाबूत आहेत, पण लावायला बटण नाही. सर्ज प्रोटेक्टर आकाशातल्या विजेचा क्षणभराचा झटका झेलतो. असं टिकून राहणारं जादा व्होल्टेज तोडायला वेगळा व्होल्टेज रिले लागतो. मुख्य बोर्डात तो तुम्ही देता का? पॅनलच्या खर्चापुढे त्याची किंमत फार नाही. दुसरी एक बारीक गोष्ट: लाइट जाऊन परत आल्यावर स्विचने काय करायचं, हे आधी ठरवून द्यावं लागतं. ते कुणी ठरवलं नाही आणि कंपनीने 'चालू' ठेवलं असेल, तर रात्री दोनला लाइट आली की सगळं घर लख्ख.

इतकं झालं तारांचं. पण खरं लांबचं दुखणं तारांबाहेर आहे.

अँकर हे नाव तुम्हा-आम्हाला लहानपणापासून माहीत. १९६३ साली सुरू झालेल्या त्या कंपनीत २००७ साली जपानी मात्सुशिता समूहाने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, मोठा हिस्सा घेतला. मालक बदलला त्या दिवशी देशातलं एकही पियानो बटण बंद पडलं नाही. आता दुसरं उदाहरण. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाच्या कंपनीचा घर सांभाळणारा हब तीनशे डॉलरला मिळायचा. २०१४ साली गुगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. ज्यांच्या घरी ते यंत्र होतं त्यांच्याकडे निव्वळ डबा उरला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अशाच दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर असेच एकाएकी थांबले. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन ते पुन्हा सुरू केले म्हणून बरं. तुमच्या पॅनलवर ज्या कंपनीचं नाव आहे, ती दहा वर्षांनी असेल याची हमी तुम्ही देता का? इमारत तर पन्नास वर्षं उभी राहायची आहे.

इथे कायद्याचं थोडं बोलावं लागेल. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामातला, दर्जातला किंवा सेवांच्या तरतुदीतला दोष निदर्शनास आणला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करणं तुमचं कर्तव्य आहे. आणि कलम १२ मध्ये जाहिरात, माहितीपत्रक यांच्या जोडीला सॅम्पल फ्लॅटचाही उल्लेख आहे. त्यावर विसंबून पैसे भरलेल्या माणसाचं खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. सॅम्पल फ्लॅटमध्ये राउटर त्याच खोलीत, आजूबाजूला एकही शेजारी नाही, भिंती बऱ्याचदा नुसत्या बोर्डाच्या. खऱ्या फ्लॅटमध्ये आरसीसीच्या भिंती, लोखंडी डबे आणि वर-खाली डझनभर वायफाय. त्यातून यांतले बरेच स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, जिथे सगळ्यात जास्त गर्दी. सर्व्हर बंद पडल्यामुळे मुके झालेले स्विच हा 'सेवांच्या तरतुदीतला दोष' का, यावर वकील बोलतील. मी तुमच्या जागी असतो तर तो प्रश्न उद्भवूच दिला नसता. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असली जोडलेली उपकरणं विकणाऱ्याला सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे सांगावं लागतं, आणि सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन माल बाहेर काढता येत नाही. आपल्याकडे कुणी सक्ती करायची वाट कशाला पाहायची? खरेदी करताना तुम्हीच लेखी मागा.

आणखी एक प्रकार फार दिसतो. पॅनल बसवायला येणारा मुलगा स्वतःच्याच फोनवर, स्वतःच्याच ईमेलने सगळं चालू करून देतो. वर्षभराने तो नोकरी सोडून जातो आणि घराच्या दिव्यांचं खातं त्याच्यासोबत. एका जोडप्याने पुनर्विक्रीत घेतलेल्या फ्लॅटमध्ये आधीचा मालक दूरच्या शहरातून हॉलचे दिवे लावू शकत होता. त्याने ते कधी केलं नाही. भला माणूस होता. भाडेकरूंची गोष्ट त्याहून अवघड. अॅप मालकाकडे आणि घर भाडेकरूकडे, म्हणजे कोण किती वाजता उठलं, सुट्टीत किती दिवस घर अंधारात होतं, हे तिसऱ्या माणसाला बसल्या जागी कळतं. ताब्याच्या कागदपत्रांत किल्ल्यांची, मीटरची नोंद असते. या खात्यांच्या हस्तांतराचा कागद मला अजून कुणाच्या फाइलमध्ये दिसलेला नाही.

आणि माणसं. घरातला स्विच तंत्र जाणणाऱ्यापेक्षा न जाणणाऱ्यांनी जास्त वापरायचा असतो. रात्री बाथरूमला उठणारे आजोबा भिंत चाचपत जातात. उंचवट्याचं बटण हाताला लागतं, गुळगुळीत काच लागत नाही. कामाला येणाऱ्या मावशींचे हात ओले असतात, आणि ओल्या बोटाला टच पॅनल कधी दाद देतं, कधी एकदम तीन दिवे लावतं. दोन्ही हातांत भांडी असताना कोपराने दिवा लावणारी बाई हे आपल्या स्वयंपाकघरातलं रोजचं दृश्य आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला तर काचेवरची आठ सारखी चित्रं म्हणजे कोरी भिंतच. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना 'हा दिवा कसा लावायचा' हे विचारावं लागलं, तर ते घर कितीही महाग असो, बेत फसलाच.

एवढं वाचून मी जुन्याचा भक्त आहे असं वाटेल. तसं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उशाशी बोलून दिवा-पंखा चालवता आला तर त्याच्यावर कुणाला हाक मारायची पाळी येत नाही; अशा खोलीत मी आपणहोऊन स्मार्ट स्विच सुचवतो. मुलं परदेशात, आईवडील इथे, आणि जिन्यातला दिवा लागला की नाही हे पाहून त्यांना बरं वाटत असेल, तर तेही मला समजतं. अलिबाग-दापोलीकडच्या सुट्टीच्या घरात मुंबईहून फाटकाचा दिवा लावायची सोय आकर्षक खरी. पण तिथे वीज आणि इंटरनेट दोन्ही लहरी, आणि खाऱ्या हवेत मॉड्यूलचं आयुष्य कमी. संध्याकाळी आपोआप लागून सकाळी विझणारा साधा फोटोसेल हे काम इंटरनेटशिवाय करतो. सोसायटीच्या जिन्यात, पार्किंगमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर लावा; तिथे वीज खरोखर वाचते, कारण सामायिक दिवा बंद करणं हे कुणाचंच काम नसतं.

आणि एक मधला मार्ग आहे, जो तुमच्या ब्रोशरला शोभणार नाही पण माझ्या गिऱ्हाइकांना मानवतो. वर नेहमीचं मॉड्युलर बटण तसंच ठेवायचं आणि मागे, खोल डब्यात, छोटं मॉड्यूल. वायफाय गेलं, कंपनी बुडाली, फोन हरवला, तरी भिंतीवरचं बटण दिवा लावतं. मॉड्यूलच जळलं तर ते काढून दोन तारा जोडल्या की घर पुन्हा पूर्वीसारखं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे मानक आलं. त्यावर चालणारी उपकरणं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकमेकांना ओळखतात आणि बाहेरच्या सर्व्हरवाचून घरातल्या घरात चालू शकतात. घ्यायचंच तर त्या जातीचं घ्यावं. पण हे दोन-चार पॉइंटांपुरतं. चाळीस पॉइंटांच्या घरात चाळीसही स्मार्ट करणं ही गरज कुणाची, हे मला अजून उमगलेलं नाही. विकणाऱ्याची असावी.

तर मागणी अशी. पुढच्या प्रकल्पाच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक स्विचबॉक्सला न्यूट्रल दाखवा आणि साइटवर तो खरोखर ओढला जातो हे पाहा. डबे खोल घ्या. पाइप गच्च भरू नका. पुढे एखादी तार ओढायला जागा ठेवा. गीझर-एसीचे पॉइंट कोणत्याही पॅनलमधून नेऊ नका. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि जादा व्होल्टेज तोडणारा रिले द्या. भिंतीतून कोणती तार कुठून गेली त्याचा नकाशा ताबा देताना फाइलमध्ये लावा, म्हणजे पडदे टांगताना ड्रिल फेजमध्ये घुसणार नाही. बटण मात्र साधं, आयएसआयचं द्या, आणि स्मार्ट पॅनलचे पैसे किमतीत मिसळण्याऐवजी वेगळे दाखवा. ज्याला हवं तो घेईल. ज्याला नको त्याचे तेवढे पैसे कमी करा. त्यातून तो दोन बीएलडीसी पंखे घेईल. ज्याने घेतलं त्याला खात्याचा मूळ ताबा त्याच्याच ईमेलवर द्या आणि बसवणाऱ्याचा प्रवेश त्याच्यासमोर काढून टाका. कंपनी किती वर्षं सांभाळणार, हे करारात लिहा.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की ग्राहकच मागतात. मागतात, कारण तुम्ही दाखवता. प्रत्येक डब्यातला न्यूट्रल कुणी मागत नाही, कारण तो दिसत नाही. न दिसणाऱ्या कामावरच माणसं तुम्हाला आयुष्यभराची कमाई देऊन टाकतात. पाया, सळई, पाण्याच्या लाइनी. त्या यादीत ही एक तार वाढवा.

कळावे,

आपला,
एक परवानाधारक विद्युत कंत्राटदार, पुणे

ता. क. हे पत्र घर पाहायला जाणाऱ्यांनीही वाचलं तर त्यांच्यासाठी एक सोपी चाचणी. सॅम्पल फ्लॅटमध्ये विक्री प्रतिनिधी बोलून दिवा लावून दाखवत असेल, तेव्हा त्याला नम्रपणे राउटर बंद करायला सांगा आणि मग भिंतीवरचं बटण स्वतः दाबा. दिवा लागला तर पुढचं बोलणं करा. लागला नाही, तर बाथरूमबाहेरच्या डब्याची प्लेट उघडून दाखवायची विनंती करा. आत काळी तार, म्हणजे न्यूट्रल, आहे का ते बघा. प्लेट उघडायला त्यांनी नकार दिला, तर तेही लक्षात ठेवा.